लिटमसबाईंचा कवितेचा तास

अहाहा सरांचा घसा बसला तो कवितेपायीच, यावर शाळेत कुणाचं दुमत नव्हतं. सर वर्गात यायचे, पुस्तक उघडायचे, एक ओळ वाचायचे, डोळे मिटायचे आणि छातीच्या तळापासून "अहाहा!" म्हणायचे. दुसरी ओळ, दुसरं अहाहा. कडवं संपलं की दोन अहाहा जोडून. मुलंही हुशार, ती वहीत इमानेइतबारे 'अहाहा' लिहून घ्यायची. मग सर डोळे उघडून एक वाक्य सांगायचे, आणि हे वाक्य म्हणजे त्यांची आयुष्याची कमाई होती: 'प्रस्तुत ओळीत कवीने अमुक अलंकाराचा समर्पक वापर केल्याने कवितेचे सौंदर्य खुलले आहे.' अमुकच्या जागी उपमा घाला, रूपक घाला, काहीही घाला. वाक्य कुठेही अडत नसे. या एका वाक्यावर शाळेच्या कित्येक पिढ्या पास झाल्या होत्या.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंना सूज आहे, तीन महिने बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. सरांनी पाटीवर लिहून विचारलं, 'निदान अहाहा?' डॉक्टरांनी नकाराची मान हलवली.

आता नववीला कविता कोण शिकवणार? मुख्याध्यापकांनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली. खेळाच्या सरांना अचानक मैदानावर काम निघालं. गणिताच्या सरांनी वेळापत्रक पुढे केलं. राहता राहिल्या रसायनाच्या बाई, ज्या खिडकीशी बसून निमूटपणे परीक्षानळ्या पुसत होत्या. मुलं त्यांना लिटमसबाई म्हणत, कारण कुणी खोटं बोललं की बाई काही बोलत नसत, फक्त त्यांचा चेहरा लाल होई.

"बाई, तुम्हीच घ्या," मुख्याध्यापक म्हणाले. "रसायन काय आणि रसग्रहण काय, रस दोन्हीकडे आहेच की."

हा युक्तिवाद त्यांना स्वतःलाच इतका आवडला की त्यांनी तो दिवसभर भेटेल त्याला ऐकवला. बाईंनी सांगून पाहिलं की मी शेवटची कविता वाचली ती मार्कांसाठी, आणि तेव्हाही मार्क पडले नव्हते. त्यावर मुख्याध्यापक म्हणाले की साहित्य शिकवायला पदवी लागत नाही, हृदय लागतं. हृदय जीवशास्त्राकडे येतं, हे बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या जिभेवर बरंच काही येतं आणि तिथेच राहतं.

पहिल्याच तासाला बाईंची पुरती फजिती झाली. पाठ्यपुस्तकात 'जिना' नावाची छोटीशी कविता होती. बाईंनी ती फळ्यावर लिहिली:

बाबा गेले तेव्हापासून
जिना एकटाच खाली उतरतो
आणि दाराशी जाऊन थांबतो.

"काय कळलं?" बाईंनी विचारलं. पहिल्या बाकावरचा मॉनिटर उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, "प्रस्तुत ओळीत कवीने चेतनगुणोक्ती अलंकाराचा समर्पक वापर केल्याने कवितेचे सौंदर्य खुलले आहे." चेतनगुणोक्ती म्हणजे निर्जीव वस्तूला जिवंत माणसासारखं वागायला लावणं, एवढं बाई आदल्या दिवशी पाठ करून आल्या होत्या. उत्तर बरोबर होतं. तरी त्यांचा चेहरा हळूहळू लाल होऊ लागला.

"किती खुललं?" त्यांनी विचारलं.

मॉनिटर गोंधळला. सौंदर्य किती खुललं हे आजवर कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. बाई विचारत गेल्या: आधी किती होतं, कुठल्या शब्दाने वाढलं, तो शब्द नसता तर काय झालं असतं? उत्तर बाईंनाही ठाऊक नव्हतं. उरलेला तास सगळ्यांनी मिळून त्या जिन्याकडे बघत काढला.

उत्तर सापडलं घरी, आणि तेही सासूबाईंच्या तोंडून.

बाईंच्या सासूबाई म्हणजे गोड बोलण्यातलं मोठं प्रस्थ. आवाज कधी चढला नाही, शिवी कधी दिली नाही, आणि तरीही त्यांच्याशी पाच मिनिटं बोलून उठलेला माणूस आपल्याला नक्की कुठे लागलंय ते चाचपत घरी जाई. त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी पहिला घास घेतला आणि कौतुकाने सुनेकडे पाहिलं.

"सूनबाई, आज बटाटे चक्क शिजलेत हो."

बाईंचे यजमान खूश झाले. आईने बायकोची तारीफ केली, तीही आपल्यासमोर! त्यांनी आणखी बटाटे वाढून घेतले. या भल्या माणसाला आयुष्यात एकही टोमणा कळलेला नव्हता; त्यामुळे त्याची तब्येत ठणठणीत होती.

बाई मात्र भांडी विसळताना ते वाक्य घोळवत राहिल्या. प्रयोगशाळेत मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळा काढून बघतात, तसं त्यांनी केलं. 'बटाटे शिजलेत.' ही नुसती बातमी. 'बटाटे चक्क शिजलेत.' इथे जरा टोचलं. 'आज बटाटे शिजलेत.' म्हणजे काल नव्हते. आणि दोन्ही शब्द एकत्र आले की लग्नापासून आजवरचे सगळे बटाटे कच्चे होते, असा निकाल. दोन बारीक शब्द. बाकीचं वाक्य नुसतं त्यांना बसायला दिलेलं आसन! बाई हातात पातेलं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. अपमान झाल्याचं दुःख करायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर पुन्हा जिना लिहिला आणि खडूवाल्या हाताने 'एकटाच' पुसून टाकलं.

"आता वाचा."

"जिना खाली उतरतो," वर्ग म्हणाला.

"मग? जिना खालीच उतरणार. ही कविता नाही, हे बांधकाम झालं. आता तो शब्द परत घाला."

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शंका म्हणत, कारण तिचा हात सदैव वर. बाईंच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. ती सावकाश म्हणाली, "बाई, एकटाच म्हटलं म्हणजे आधी कुणीतरी बरोबर उतरायचं. बाबा गेले ते पहिल्या ओळीत कळतं, पण ते रोज जिना उतरायचे हे 'एकटाच'मध्ये आहे." मग शेवटच्या ओळीकडे बोट करून, "आणि 'जाऊन' काढलं तरी चालेल असं वाटतं, पण नाही चालत. जिना घरातून दारापर्यंत गेला पाहिजे ना, सोडायला."

बाईंनी खडू खाली ठेवला. अहाहा म्हणावंसं त्यांनाही वाटलं. पण त्यांनी घशाचा विचार केला.

तेव्हापासून कवितेचा तास म्हणजे शब्द काढायचा तास झाला. एक शब्द काढायचा, काय बिघडतं ते बघायचं, परत घालायचा. काही नाही बिघडलं तर कवीने तो का ठेवला असेल, याचा तपास. अलंकाराचं नाव सगळ्यात शेवटी, बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसं. बाई उदाहरणं घरची देत. 'माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत,' असं म्हणून सुरुवात करत आणि मग सासूबाईंचं ताजं वाक्य फळ्यावर. स्तुतीच्या वेषातल्या निंदेला व्याजस्तुती म्हणतात, हे नववीला आता पाठ करावं लागत नव्हतं. साठा मुबलक होता आणि रोज भर पडत होती.

हे किती दिवस झाकून राहणार? शंकाने एकदा जिन्यात सासूबाईंना गाठून भाबडेपणाने विचारलं की आजी, 'तुमच्या साडीला हसण्याची कुणाची हिंमत आहे' हे वाक्य तुमचंच ना, आम्हाला परीक्षेला आहे. सासूबाई दिवसभर सुनेशी बोलल्या नाहीत. बाई धास्तावल्या. यजमानांना काही झालंय हेच कळलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी विषय काढला. आपली वाक्यं वापरली याचं त्यांना काही नव्हतं, पण 'ओळखीच्या एक बाई' म्हणजे काय? आपल्याला नाव नाही का? त्या दिवसानंतर त्या विचार करून टोमणे मारू लागल्या, आणि तिथेच कारभार बिघडला. वाक्यं लांबली, उपमा शिरल्या, एकदा तर यमकही जुळलं. लोक ऐकतायत हे कळलं की भल्याभल्या कवींचं जे होतं, तेच झालं. बाईंना वर्गासाठी नवा माल मिळेना.

अशात अहाहा सर कामावर परतले. घसा बरा नव्हता, पण रजा संपली होती. मुख्याध्यापकांनी तोड काढली: सरांनी हजर राहायचं, बोलायचं नाही. नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. सर बसले, गळ्याला मफलर, मांडीवर पाटी. पहिल्या दिवशी बाईंनी कवितेतलं विशेषण पुसलं तेव्हा सरांना आपला दात उपटल्यासारखं झालं. त्यांनी पाटी वर केली: 'कवितेचे शवविच्छेदन?'

बाई म्हणाल्या, "शव असेल तर पडून राहील, सर. जिवंत असेल तर ओरडेल."

सरांनी पाटी पुसली. पुढचे काही दिवस ते तोंड फिरवून बसले. मग कधीतरी मुलांच्या वादात मान हलवू लागले. एकदा तर कुणीतरी फुलाऐवजी पान घालून पाहिलं, तर सरांनी जोरजोरात पाटीवर 'नाही!!' लिहून उभी धरली. का नाही, ते मात्र त्यांना लिहिता येईना. इतकी वर्षं डोळे मिटून काढल्यावर माणसाला पटकन दिसत नाही.

आणि मग तो शाळागीताचा दिवस आला. बाईंनी घरून एक कविता निवडून आणायला सांगितली होती. मॉनिटर म्हणाला, शाळागीत घेऊ, सगळ्यांना पाठ आहे. शाळागीत अहाहा सरांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेलं. बाईंनी चपापून मागे पाहिलं. सरांनी मोठ्या मनाने हात हलवला: घ्या. आपल्या गीतातला एक शब्द हलणार नाही याची त्यांना खात्री होती.

पहिली ओळ फळ्यावर आली:

ज्ञानाचा हा उज्ज्वल दीपक, दीपक उज्ज्वल ज्ञानी

मुलं कामाला लागली. कुणाच्या मनात काही वाकडं नव्हतं. प्रयोगाला बसल्यासारखी ती प्रामाणिकपणे एकेक शब्द काढत होती. 'उज्ज्वल' काढला, काही झालं नाही. दिवा उजळ असतोच. दुसरा 'दीपक' काढला, काही झालं नाही. मग कुणीतरी अख्खी ओळच काढून पाहिली. तरी काही झालं नाही. दुसरी ओळ गेली, तिसरी गेली. 'येथे ज्ञानासाठी चालति ज्ञानाचे हे झगडे' ही गेली तेव्हा तर वर्गाला जरा मोकळंच वाटलं. बाई थांबवायला निघाल्या होत्या, पण थांबवायचं कसं? पद्धत त्यांचीच. मागच्या बाकावर मफलर हळूहळू खांद्यांत बुडत चालला होता.

शेवटी एक ओळ उरली:

उशिरा आल्या पोरासाठी फाटक थोडे उघडे

मॉनिटर डस्टर घेऊन पुढे झाला आणि शंकाचा हात वर गेला.

"ही नाही पुसता येत, बाई. 'थोडे' आहे ना. फाटक सगळं उघडं असतं तर ते चुकून उघडं राहिलंय असं वाटलं असतं. थोडं उघडं म्हणजे कुणीतरी मुद्दाम ठेवलंय. आणि कुणाला दिसू नये म्हणून थोडंच."

वर्ग वळून सरांकडे पाहू लागला. सरांनी पाटीवर लिहिलं: 'झगडेला यमक हवे होते.'

"मग 'बिघडे' होतं की, सर," शंका म्हणाली. "तेही जुळलं असतं."

सर उठले आणि वर्गातून निघून गेले.

मधल्या सुट्टीत बाई त्यांना शोधत प्रयोगशाळेच्या मागच्या व्हरांड्यात गेल्या. माफी मागायची म्हणून आल्या होत्या. सरांनी त्यांना बोलू दिलं नाही. डॉक्टरांचा हुकूम मोडून, घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "गीत लिहिलं त्या वर्षी मी इथे नवा शिक्षक होतो आणि वडील अंथरुणाला खिळले होते. त्यांचं सगळं आवरून मी रोज उशिरा यायचो. तेव्हाचा पहारेकरी फाटक जरासं उघडं ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा. मी आत शिरलो की लावून घ्यायचा. आम्ही कधी एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही. बाई, मीच विसरलो होतो हे. इतकी वर्षं रोज प्रार्थनेनंतर गायलो आणि विसरलो होतो."

बाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी पुढे केलं. सरांनी ते घेतलं.

अर्थात असल्या गोष्टी व्हरांड्यात राहत नाहीत. नववीने शाळागीत पुसलं ही बातमी मुख्याध्यापकांच्या खोलीत पोचेपर्यंत नववीने शाळा जाळली अशी झाली होती. बाईंना बोलावणं आलं. मुख्याध्यापक बराच वेळ बोलले: परंपरा, संस्कार, पावित्र्य, आणि पुन्हा परंपरा. बाई ऐकता ऐकता मनातल्या मनात एकेक शब्द काढून बघत होत्या. सगळं काढून झाल्यावर तळाशी एकच वाक्य उरलं: वर्धापनदिन जवळ आलाय आणि अध्यक्षसाहेब येणार आहेत. कवितेचे तास बाईंकडून काढून घेण्यात आले. बाई परत परीक्षानळ्यांकडे गेल्या आणि घरी सासूबाईंनी 'चला, आता तरी शिकवता येतं ते शिकवशील,' असं अगदी सहज, पूर्वीच्या तयारीने म्हटलं. त्यांची लेखणी पुन्हा सुटली होती.

संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी त्या वर्षी शाळेला पाण्याची टाकी दिली होती. टाकी गच्चीवर दिमाखात उभी होती आणि तिच्यावर साहेबांचं नाव पुरुषभर अक्षरांत रंगवलेलं होतं. नळजोडणी तेवढी राहिली होती. साहेबांच्या सन्मानार्थ शाळागीताला एक नवं कडवं जोडावं असं मुख्याध्यापकांच्या मनात आलं. अहाहा सरांना सांगितलं, असं लिहा की साहेबांना प्रसन्न वाटलं पाहिजे. सरांनी मान डोलावली. पण एरवी एका बैठकीत कडवं पाडणारा हा माणूस या वेळी कितीतरी दिवस पाटीवर लिहीत आणि पुसत बसलेला दिसे.

वर्धापनदिनाला मांडव भरला होता. साहेब पुढच्या खुर्चीत. नववीच्या मुलांनी जुनं गीत गायलं, मग नवं कडवं सुरू केलं:

नाव आपुले टाकीवरती दिसते अवघ्या गावाला
तहान लागे, वाचुन घेतो. पाणी लागे कोणाला?

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी वाजवल्या. साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. नववीची पोरं ओठ दाबून, लाल होऊन, जमिनीकडे बघत होती. मागच्या रांगेत बाई उभ्या होत्या. त्यांनी रुमाल तोंडाशी नेला आणि खोकला आल्याचं सोंग केलं. त्या रुमालाआडून त्यांनी सरांकडे पाहिलं. सर मफलर सारखा करत होते आणि त्यांचा चेहरा एखाद्या संतासारखा शांत होता.

साहेब भाषणात म्हणाले की आजवर आपल्यावर पुष्कळ लिहिलं गेलं, पण इतकं मनापासून कुणी लिहिलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे कडवं टाकीवर आपल्या नावाखाली रंगवावं. आठवड्याभरात रंगारी आला आणि दोन्ही ओळी, स्वल्पविरामासकट, उभ्या गावाला दिसतील अशा झाल्या.

मुख्याध्यापकांना त्या कळल्या पंधरवड्याने, एका उन्हाच्या दुपारी, घसा कोरडा पडून वर बघताना. कुणी सांगितलं नाही. त्यांच्या त्यांनाच कळल्या. आता करणार काय? साहेबांना सांगायचं तर अर्थ समजावून सांगावा लागणार. पुसायचं तर कारण द्यावं लागणार. सरांना झापायचं तर 'स्तुतीच तर आहे' असं ते पाटीवर लिहून दाखवणार. विचार करकरून मुख्याध्यापकांना एकच सुरक्षित मार्ग दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर आला. साहेबांना कधी काळी अर्थ लागलाच, तर त्याआधी नळाला पाणी असलेलं बरं.

पाणी आलं तेव्हा मैदानावर एकच गर्दी उसळली. बाई प्रयोगशाळेतून पाहायला आल्या, तर अहाहा सर कठड्याला टेकून उभे. आता त्यांचा आवाज बराचसा परत आला होता, पण ते जपून वापरत.

"अभिनंदन, सर," बाई म्हणाल्या. "कवितेने नळ जोडला."

"कसलं अभिनंदन," सर कडवटपणे म्हणाले. "आयुष्यात एक कडवं धड जमलं होतं. आता पाणी आल्यावर त्याला काय अर्थ राहिला? उद्यापासून ती खरोखरची स्तुती."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, ओळी पुन्हा एकदा वाचल्या, आणि सरांचं म्हणणं बरोबर आहे असं त्यांना दिसलं. तसं त्या म्हणाल्याही. सरांनी उसासा टाकला, खिशातून पेला काढला आणि रांगेत जाऊन उभे राहिले.